धुळवडीच्या घुगऱ्या

१

पोती जागच्या जागी होती. गोदामाचं कुलूप शाबूत, थप्पीवरचा शिक्का शाबूत, पोत्यांची शिवणसुद्धा शाबूत. आणि तरी किंमत गेली होती. आता बोला! पोतं तिथंच ठेवून त्यातली किंमत तेवढी उचलून नेणारा चोर कुणी पाहिलाय का?

सिंधु बिरादारनं तरी पाहिला नव्हता. आणि हिशेब तपासण्यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. मे महिन्याचं ऊन डोक्यावर घेऊन ती नायगावात बसवराज शेठच्या दाळ मिलच्या दारात उभी होती. लातूरहून आलेल्या ट्रकमधल्या एका पोत्यात शेठनं लोखंडी पोकळ सळई खुपसली, दाणे बाहेर काढले आणि तिच्या तळहातावर ओतले. निम्म्याहून जास्त दाण्यांना टाचणीनं पाडावीत तशी भोकं होती. मधूनमधून काळपट भुंगे पडले होते.

"बघा ताई, तुमीच बघा," शेठ म्हणाला. "ह्याला तूर म्हनायचं का चाळन? निम्म्या भावात देत असाल तर उतरवतो, न्हाईतर गाडी वापस."

सिंधु नांदेडची. मांजराकाठ शेतकरी उत्पादक कंपनीनं तिला अंतर्गत लेखापरीक्षक म्हणून नेमलं होतं. कंपनी लातूरची, सभासद बहुतेक किल्लारीकडचे. हंगामात हाताशी राहिलेला पैसा नुसता बँकेत झोपवून ठेवण्यापेक्षा सभासदांचीच तूर घ्यायची, चार-सहा महिने ठेवायची आणि भाव आला की विकायची, अशी त्यांची रीत. ताळेबंदात ह्याला म्हणायचं अल्पमुदतीची गुंतवणूक. नाव भारदस्त, पण शेवटी तूर ती तूरच.

आणि मार्चअखेरीला त्या तुरीची जी किंमत ताळेबंदात लिहिली होती ती खरी की खोटी, हे तपासणं सिंधुचं काम. सभासदांची सभा व्हायच्या आत तपासणी पुरी व्हायला हवी होती. ती नेहमी सांगायची, किंमत तपासायची म्हणजे चार गोष्टी विचारायच्या. भाव कुठून आणला? तो कोणत्या दिवसाचा? माल आहे का, आणि आहे तो तसाच आहे का? आणि शेवटचं, त्या किमतीला घेणारा माणूस खरंच उभा आहे का? म्हणून तर पहिला ट्रक निघाला तेव्हा ती त्याच्या मागोमाग नायगावला आली होती. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ट्रकमध्येच मिळालं होतं, आणि ते फार कडू होतं.

शेठवरही तिचा विश्वास लगेच बसला नाही. भाव पाडायला व्यापारी वरचं खराब पोतं दाखवतात, हे तिला काय नवीन? तिनं हमालांना गाडीच्या अगदी तळातली पोती काढायला लावली आणि स्वतःच्या हातानं शिवण उसवली. तीच भोकं, तेच भुंगे. तिनं मूठभर दाणे रुमालात बांधले. बांधताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली.

"शेठ, ह्यातला एकही भुंगा हलत नाही. सगळे मेलेत."

"मेले म्हनून काय झालं? खाऊनच मेलेत की!" शेठ खदखदून हसला.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचे अध्यक्ष दगडोबा काका. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मॅडम, कळलं मला समदं! त्या मल्लेशनं माल बदलला. चांगली तूर विकून खाल्ली आन् किडकी भरून ठिवली. उद्या दुपारी बैठक हाय, आन् बैठकीतून उठून मी सरळ पोलीस ठाण्यात जानार. तुमी फकस्त कागद तयार ठेवा!"

मल्लेश म्हणजे गोदामपाल. सिंधुला तो आठवला. चाळिशीचा, टकला, मान खाली घालून बोलणारा. घरी बायको, दोन पोरी आणि म्हातारी आई. उद्या दुपारपर्यंत खरं काय ते सापडलं नाही, तर त्याच्या हातात बेड्या पडणार होत्या.

२

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती नांदेडहून निघाली. लोहा येईपर्यंत डुलकी आली, पण तो रुमालातला भुंगा काही तिला झोपू देईना. मेला कशानं? भुंगा तुरीत असतो तोवर मजेत असतो. खायला तूर, राहायला तूर. असं घरच्या घरी सगळं खानदान एकदम का मरावं?

लातूरच्या कचेरीत दगडोबा काका आधीच येऊन बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, गळ्यात टॉवेल. माणूस मनानं चांगला, पण तापला की तव्यावर पाणी टाकल्यासारखा चुरचुरायचा.

"ह्या गोदामात पयली गाडी कुनाची आली, इचारा," ते छाती ठोकून म्हणाले. "माझी! अध्यक्षानं आधी माल टाकला म्हनून लोकांनी टाकला. आता त्येंच्या घामाची तूर ह्यो हरामखोर खाऊन बसला, तर मी तोंड कुठं दावू?"

"काका, शक कशावरून?"

"शक? पुरावा हाय की! गेल्या महिन्यात, एप्रिलच्या शेवटाला, ह्यानं एक नंबर गोदाम हप्ताभर बंद ठिवलं. किल्ली कुनाला दिली न्हाई. मी सोता गेलो तर म्हनला, 'काका, आत जाऊ नका, पाया पडतो.' आता सांगा, हप्ताभर आत काय करून राहिला होता त्यो?"

सिंधुनं ते कानामागं टाकलं नाही. वहीत 'एप्रिलचा शेवट' असं टिपून घेतलं.

मग तिनं हिशेबनीस विरूपाक्षअप्पांना गाठलं. अप्पा साठीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाच्या दोऱ्याशेजारी दुसरा दोरा आणि त्यात कपाटाची किल्ली. त्या किल्लीवर बायकोचाही हक्क नव्हता, असं कचेरीत चेष्टेनं म्हणत.

"अप्पा, मार्चअखेरीचा भाव कुठून घेतला?"

"आवो, मार्च एंडला आपला अडत बाजार बंद असतोय, तुमाला ठाव हाय. हिशेबासाठी समदे दुकान झाकून बसतेत. म्हनून बंद व्हायच्या आदल्या सौद्याचा भाव धरला. एक रुपया वर न्हाई, एक खाली न्हाई."

अप्पांच्या शब्दावर ती थांबली नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन स्वतःच्या ओळखीच्या तीन अडत्यांना तिनं फोन लावले. तिघांनीही तोच भाव सांगितला. म्हणजे भाव खरा आणि दिवसही खरा. दोन प्रश्न सुटले. राहिला तिसरा, मालाचा. कंपनीनं पैसे देऊन घेतली ती तूर, आणि मार्चला गोदामात होती ती तूर, एकच होती का?

"अप्पा, घेताना मालाचा नमुना ठेवता ना तुम्ही?"

"हाव की. एकेका सभासदाची एकेक पत्र्याची डबी. झाकनाला लाख लावून, नाव लिवून, ह्याच कपाटात. एकदा लाख लावल्यावर कुनी हात लावला न्हाई. मल्लेशला तर ह्या खोलीत पाऊल ठिवायची मुभा न्हाई."

सिंधुनं कपाटाकडं पाहिलं, मग दारावरच्या घड्याळाकडं. "बैठक सुरू होईपर्यंत हे कपाट उघडू नका, अप्पा. सगळ्यांच्या समोर उघडू."

अप्पांचा हात आपोआप गळ्यातल्या किल्लीवर गेला आणि चेहरा पडला. माणूस एवढा का घाबरला, ते मात्र तिला कळेना.

३

गोदाम गावाबाहेर. पत्र्याचं छत, लांबच लांब भिंत, आणि त्या भिंतीला टेकून पत्र्याचीच एक खोपटवजा खोली. खोलीच्या दारावर गुलाबी रंगाचे हाताचे ठसे उमटले होते, लहान, मोठे, पंधरा-वीस तरी. दोरीवर तळहाताएवढी झबली वाळत होती.

मल्लेश गोदामाच्या पायरीवर बसला होता. तिला पाहून उठला, पण डोळे वर केले नाहीत.

"मल्लेश, तूर बदलली का तुम्ही?"

"न्हाई मॅडम. आईची शपथ."

"मग किडली कशी?"

त्यानं पायरीवर सांडलेले दाणे वेचून मुठीत घेतले.

"भुंगा मारायला गॅसच्या गोळ्या ठेवतात. ठेवल्या होत्या?"

त्यानं आतून रजिस्टर आणून तिच्या हातात दिलं. शेवटची पोती आली ती फेब्रुवारीअखेर. मग मार्चची नोंद, त्याच्याच अक्षरात: गोळ्या ठेवल्या, दारं चिकटपट्टीनं बंद, सात दिवस. सुरुवात होळीच्या आदल्या दिवसाची. खाली तारीख, सही, सगळं जिथल्या तिथं.

"म्हणजे गॅस दिला?"

"जे लिवलं ते लिवलं, मॅडम."

"अहो, मी तुमची शत्रू नाही! तासाभरानं काका पोलिसांकडं जाणार आहेत. तुमच्या पोरींना उद्या शाळेत कुणी 'चोराची पोर' म्हणलं तर चालेल तुम्हाला?"

त्यानं रजिस्टर परत घेतलं आणि छातीशी धरलं. पण तोंडातून अक्षर नाही. सिंधुला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. चोर इतका गप्प बसत नाही. चोराकडं दहा सबबी तयार असतात.

तेवढ्यात खोलीतून तान्हं रडलं. दारात एक तरुण बाई आली, कडेवर गुटगुटीत पोरगी. कानटोपी उन्हाळ्यातही घातलेली.

"या की अव्वा, उन्हात कामून उभ्या? पानी घ्या."

ती गौरम्मा. देगलूरकडची, बोलण्यात कानडीचा हेल. नवरा कंपनीचा हमाल, पण हंगामात ऊसतोडीला जायचा, तो पाऊस तोंडावर आल्यावरच परतायचा. त्यामुळं बाळंतपण इथंच झालं होतं, ह्या भिंतीच्या आडोशाला.

"एकटीनं काढलंस सगळं?" सिंधुनं पोरीच्या गालाला बोट लावत विचारलं.

"एकटी कुठली वो! अध्यक्षसायबांच्या तारामती काकूंनी डिंकाचे लाडू धाडले. अप्पांनी झबलं आनलं. बारशाला तर समदी कंपनी इथंच होती की! माझी नणंद न्हाई इथं, म्हनून काकूच आत्या झाल्या. कानात 'शिवानी' म्हनून कुर्र केलं, आन् बाया-बापड्यांनी त्येंच्या पाठीवर असले धपाटे घातले, असले घातले!" गौरम्मा हसली. "दारावरचे हात बघितले न्हाई का? त्या दिवशी धुळवड होती. रंगल्या हातानंच आले समदे. अध्यक्षसायबांनी तर दोनदा घुगऱ्या मागून खाल्ल्या. हितंच, ह्या भिंतीला पाठ लावून."

सिंधुचा हात पोरीच्या गालावरच थांबला.

"आणि नंतर? इथंच होतीस?"

"सव्वा महिना बाळंतिनी जागा सोडत न्हाईत, अव्वा. तो झाल्यावर मल्लेश अन्नांनीच मला गाडीत बसवून दिलं. म्हनले, बहिनीकडं देगलूरला जा, हप्ताभर ऱ्हा, हवापालट होईल. भाडंसुद्धा त्येंनीच दिलं. लई चांगला मानूस. घरच्या भावानं करनार न्हाई एवढं केलं."

सिंधुनं वळून पाहिलं. पायरीवर मल्लेशनं दोन्ही हात जोडले होते, आणि मान जोरजोरात हलवत होता: नका, मॅडम, नका.

आता तिला भुंगे कशानं मेले ते कळलं होतं. पण हा माणूस जीव गेला तरी बोलत का नाही, ते अजून कळलं नव्हतं.

४

बैठकीला पाच संचालक, दगडोबा काका, अप्पा. मल्लेश दाराशी उभा. काकांच्या पुढ्यात तक्रार अर्ज लिहून तयार होता, फक्त सही राहिली होती.

"मॅडम, लवकर आटपा," काका म्हणाले.

"आटपते. अप्पा, कपाट उघडा."

अप्पांनी गळ्यातला दोरा काढला आणि कपाट उघडलं. एक नंबर गोदामात माल टाकलेल्या सभासदांच्या तेवढ्या डब्या टेबलावर ओळीनं मांडल्या. सिंधुनं एकेका डबीची लाख सगळ्यांना दाखवली आणि मग फोडली. पहिली डबी, तूर लख्ख. दुसरी, लख्ख. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. शेवटची डबी राहिली. तिच्यावरचं नाव वाचून अप्पांनी डोळे मिटले.

झाकण निघालं, आणि डबीतून एक भुंगा टुणकन टेबलावर आला. मागोमाग दुसरा. दाण्यांची चाळण झाली होती, तळाला पीठ साठलं होतं, आणि त्या पिठात भुंगे वळवळत होते.

"ही कुणाची, अप्पा?"

"महिन्यापूर्वी डबीतून कुरकुर ऐकू आली होती," अप्पा पुटपुटले. "पर बोलायचं कसं? अध्यक्षांची हाय."

 दगडोबा काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"काका, तुमची काही चूक नाही," सिंधु हळू आवाजात म्हणाली. "हा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. दाणा बाहेरून टकाटक दिसतो. भल्याभल्यांना ओळखू येत नाही. पण एवढं सिद्ध झालं की कीड तुमच्या तुरीबरोबर आली, जानेवारीतच, आणि एक नंबरात पसरली. ह्या डबीला मल्लेशनं कधी हात लावलेला नाही, आणि ह्यातली तूर तशीच किडली आहे. म्हणजे माल बदललेला नाही. आहे तो आपलाच."

"मंग गॅस?" एक संचालक म्हणाला. "रजिस्टरात तर गॅस दिल्याचं हाय!"

सिंधुनं रुमाल सोडला आणि नायगावचे दाणे डबीशेजारी ओतले. "हे बघा. डबीतले भुंगे जिवंत आहेत. गोदामातले मेलेले आहेत. म्हणजे गोदामात गॅस दिला गेला, हे नक्की. पण कधी? होळीला दिला असता तर कीड तेव्हाच मेली असती आणि दाणे असे पोखरलेच नसते. पोखरून झाल्यावर गॅस बसलाय. काका, तुम्हीच सांगितलंत, एप्रिलच्या शेवटाला गोदाम हप्ताभर बंद होतं आणि हा तुम्हाला आत जाऊ देईना. आत जाऊ दिलं असतं तर तुम्ही आज इथं बसला नसता. तो गॅस तेव्हाचा."

"म्हंजे मार्चची नोंद खोटी!" काकांनी टेबलावर मूठ आपटली. "बघा, खोटारडा हायच की न्हाई? मी म्हनलोच होतो!"

"नोंद खोटी आहे," सिंधु म्हणाली. "आणि ती खोटी आहे हे तुम्हा सगळ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे."

"आँ? आमाला?"

"काका, धुळवडीच्या दिवशी दुपारी तुम्ही कुठं होता?"

काका विचारात पडले. "धुळवडीला? गौरम्माच्या पोरीचं बारसं होतं की. समदेच होतो."

"कुठं बसला होता?"

"भिंतीला टेकून. घुगऱ्या खाल्ल्या. लई झकास झाल्या व्हत्या..." आणि काकांचा आवाज मधेच अडकला.

"रजिस्टर म्हणतं, त्या दिवशी त्या भिंतीच्या आत गॅस होता. गोळ्यांच्या डब्यावर कवटी असते, काका. पत्र्याच्या फटीतून तो गॅस बाहेर येतो. तुम्ही त्या भिंतीला पाठ लावून दोनदा घुगऱ्या मागितल्या आणि धडधाकट घरी गेलात. गॅस असता तर भिंतीपलीकडं निजलेली बारा दिवसांची पोर आणि तिची आई, दोघी..."

तिला वाक्य पुरं करवलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

आता सगळे मल्लेशकडं वळले. तो दाराला धरून उभा होता.

"सव्वा महिन्याच्या आत बाळंतिनीला कुठं हलवू, काका?" तो शेवटी बोलला. "तिला दुसरं घर न्हाई. म्हनलं, सव्वा महिना जाऊ द्यावा, मंग गॅस देऊ. पर मार्च एंडला अप्पा म्हनले, रजिस्टर पुरं करून दे, तपासनीला लागतंय. म्हनून खोटं लिवलं. वाटलं, काय हुतंय महिन्याभरानं? मला कुठं ठाव होतं आत कीड आलीय ते. गौरम्मा देगलूरला गेली तवा आत शिरलो, तर पोत्यातनं कुरकुर यायली. तसाच गॅस दिला. पर वेळ निघून गेली होती."

"अरं मग सांगायचं होतंस मला!" काका ओरडले. "मी काय वाघ हाय का?"

"कसं सांगू?" मल्लेशचे डोळे भरून आले. "सांगितलं असतं तर उद्या गाव काय म्हनलं असतं? पोरगी जन्मली आन् कंपनीची तूर किडली. पांढऱ्या पायाची निघाली. पोरगी हाय ती, काका. तो बोल जन्मभर तिच्या मागं लागला असता. लगीन ठरलं तरी लागला असता. माझं काय, मी चार दिवस आत जाऊन आलो असतो."

 टेबलावर दगडोबा काकांच्या तुरीतला भुंगा निवांत फिरत होता.

५

सिंधु मऊ बोलली, पण सोडलं नाही तिनं मल्लेशला. ते तिच्या स्वभावातच नव्हतं.

"मल्लेश, गॅस दिला नाहीत ह्याबद्दल मी तुम्हाला नमस्कार करते. पण खोटं लिहिलंत, ते चुकलंच. 'गॅस दिला नाही, पलीकडं बाळंतीण आहे' एवढं लिहिलं असतं, तर मार्चलाच कुणीतरी पोतं उसवून पाहिलं असतं, आणि उन्हाचा तडाखा बसायच्या आत तूर विकली गेली असती. नुकसान झालंय ते साडेतीनशे सभासदांचं. ते कुणाच्या तरी ताटातून जाणार आहे."

"कबूल हाय, मॅडम. पगारातनं कापा."

"आणि अप्पा, तुम्ही कुरकुर ऐकून गप्प बसलात."

अप्पांनी मान खाली घातली. "अध्यक्षांची भीड पडली, ताई."

"आता किंमत," सिंधु संचालकांकडं वळली. "आपण दिलेली किंमत आणि बाजारात मिळणारी किंमत, ह्यांतली जी कमी ती धरायची, असा नियम आहे. आणि बाजारभाव चांगल्या तुरीचा धरून चालणार नाही, आपल्या तुरीचा धरावा लागेल. कीड मार्चमध्येही आत होतीच. म्हणून ताळेबंदातला आकडा उतरवायचा, आणि सभेत सभासदांना कारणासकट सांगायचं. त्यात काही झाकायचं नाही."

"कारनासकट?" मल्लेश दचकला. "मॅडम, तिचं नाव..."

"कारण एकच आहे. कीड शेतातून आली, गॅस उशिरा दिला, नोंद चुकीची झाली. ह्यात कुणाच्याही पायाचा संबंध नाही."

"पर लोक जोडतील, ताई," एक म्हातारे संचालक म्हणाले. "लोकांचं तोंड कोन धरनार? आजच हमालांत कुजबुज चालू झाली असंल."

हे मात्र खरं होतं. सिंधुकडं भावाचा पुरावा होता, मालाचा होता, तारखेचा होता. पण लोकांच्या तोंडाला लावायचं कुलूप तिच्याकडं नव्हतं. तिला स्वतःचीच चीड आली. सगळं उकलून दाखवलं, आणि ज्या पोरीसाठी तो माणूस तुरुंगात जायला निघाला होता, तिलाच उघड्यावर आणून ठेवलं की काय?

दगडोबा काका इतका वेळ त्या डबीकडं पाहत बसले होते. एकदम उठले. तक्रार अर्ज उचलला, चार घड्या घातल्या, खिशात कोंबला आणि कुणाशी एक शब्द न बोलता बाहेर पडले. सगळे त्यांच्या मागं निघाले. वाटेत त्यांनी फोन लावलेला सिंधुला ऐकू आला. "तारामती, कुंकवाचा करंडा घिऊन गोदामावर ये. आत्ताच्या आत्ता. इचारत बसू नको."

गोदामाशी हमालांची गर्दी जमली होती. गौरम्माला काहीतरी कळलं असावं. ती पोरीला पोटाशी घट्ट धरून दारात उभी होती, चेहरा पांढराफटक. काका तरातरा चालत तिच्यापुढं गेले.

"पोरीचे पाय दाव."

गौरम्मा मागं सरकली. मल्लेश पुढं धावला. सिंधुनं त्याचा हात धरला.

"अगं दाव म्हनतो ना! आत्याचा नवरा हाय मी तिच्या."

तारामती काकू रिक्षातून उतरल्या, धापा टाकत, हातात करंडा. काकांनी सगळं कुंकू एका ताटलीत ओतलं, पाणी घातलं, कालवलं. मग पोरीला आपल्या हातांत घेतलं, तिची दोन्ही इवली पावलं त्या कुंकवात बुडवली, आणि एक नंबर गोदामाच्या उंबऱ्यावर टेकवली. एक पाऊल. दुसरं पाऊल. आतल्या बाजूला वळलेली, लक्ष्मीची काढतात तशी.

"ऐका रं समदे!" त्यांचा आवाज सगळ्या आवारात घुमला. "ह्या गोदामात कीड आली ती माझ्या शेतातनं आली. माझ्या! आन् ह्या पोरीच्या बारशाला मी ह्याच भिंतीला टेकून घुगऱ्या खाल्ल्या, आन् जित्ता ऱ्हायलो, ते ह्या मल्लेशच्या अकलेनं. पायगुन काढायचा आसंल तर आधी दगडोबाचा काढा, मंग पोरीकडं बोट करा!"

 मग एका हमालानं हळूच जाऊन उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. त्याच्यामागून दुसऱ्यानं. गौरम्मा तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि तारामती काकू तिला रागावत होत्या की अगं बाई, आता कशाला रडतीस.

"मल्लेश," काका म्हणाले, "किल्ली तुझ्याकडंच ऱ्हाईल. रजिस्टर मात्र आता तू एकटा लिवायचं न्हाई. आन् हिची खोली भिंतीपासून लांब बांधायची, पावसाच्या आत. पैसा माझ्या पुढल्या हंगामाच्या तुरीच्या पैशातनं कापा, अप्पा."

मल्लेशनं गोदामाची किल्ली मुठीत घट्ट धरली. 

आत्याच्या नवऱ्याला मात्र पोरगी काही सोडायला तयार नव्हती. तिनं पाय झाडले, आणि काकांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, छातीपासून पोटापर्यंत, लाल पावलं उठली. काकूंनी टॉवेलनं पुसायला हात पुढं केला, तर काकांनी तो बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. सभेला ह्योच सदरा घालून जानार हाय मी."

सिंधु पायरीवर बसली, पिशवीतून अहवालाचा कागद काढला आणि किंमत उतरवून लिहायला घेतली.